दुर्ग खिडकीतून पाहायचे नसतात

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, की वृत्तपत्रांची पाने सहलींच्या जाहिरातींनी भरून जातात आणि वाशी, नेरूळ, खारघर येथील सोसायट्यांच्या आवारात संध्याकाळी त्याच विषयाची चर्चा रंगू लागते. कोणी स्वित्झर्लंडला निघालेले असते, कोणी युरोपातील सात देश पंधरा दिवसांत पाहण्याचा बेत आखलेला असतो. या बेतांमध्ये आता आलिशान रेल्वेप्रवासाची भर पडली आहे. ‘रॉयल स्कॉट्समन’ नावाची गाडी १९८५ पासून स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात धावते. एडिंबरो येथून निघणाऱ्या या गाडीत जेमतेम चाळीस पाहुणे असतात. खिडकीबाहेर सरोवरे, बेटे आणि जुने किल्ले सरकत राहतात, आत पंचतारांकित भोजन होते आणि भाड्यापोटी प्रत्येकाला हजारो पौंड मोजावे लागतात. ज्यांना ते परवडत नाही, ते निदान त्याची चित्रफीत पाहून समाधान मानतात.

परदेशी जाऊन चांगले ते पाहण्यात गैर काहीच नाही. आपल्या पूर्वजांनी समुद्रापलीकडे जाणे सोडले, त्याची किंमत आपण मोजली आहे. प्रश्न वेगळाच आहे. डोंगर, बेटे, किल्ले आणि या तिघांना जोडणारी आगगाडी, या चारही गोष्टी ज्या नगरीच्या उंबरठ्यावर आहेत, त्या नवी मुंबईतील किती कुटुंबांनी त्या एका प्रवासात सलग अनुभवल्या आहेत? ज्या घरातील मुलाला स्कॉटलंडच्या सरोवराचे नाव ठाऊक आहे, त्याला सुवर्णदुर्ग कोणत्या गावासमोर उभा आहे, हे सांगता येते का? हा प्रश्न टोमणा म्हणून विचारलेला नाही. त्याच्या उत्तरावर आपल्या दुर्गांचे भवितव्य अवलंबून आहे.

पनवेल सोडल्यानंतर

कोकण रेल्वे महामंडळाचे मुख्यालय बेलापूरला आहे, हे नवी मुंबईकरांनाही फारसे आठवत नाही. १९९० साली हे महामंडळ स्थापन झाले. नाथ पै, मधु दंडवते यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी वर्षानुवर्षे लावून धरलेली मागणी, जॉर्ज फर्नांडिस यांची राजकीय इच्छाशक्ती आणि ई. श्रीधरन यांचे नेतृत्व यांतून रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर असा ७४१ किलोमीटरचा मार्ग उभा राहिला आणि जानेवारी १९९८ मध्ये तो पूर्णत्वास गेला. नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल, रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा आणि पानवल नदीवरील ६४ मीटर उंचीचा पूल ही या मार्गाची ठळक वैशिष्ट्ये. स्कॉटलंडच्या पश्चिम डोंगरातून जाणाऱ्या मार्गावर ग्लेनफिनन येथे एकवीस कमानींचा पूल आहे. १९०१ साली वाहतुकीला खुला झालेला तो पूल पाहण्यासाठी जगभरातून लोक जातात. पानवलचा पूल त्याच्या दुपटीहून उंच आहे; पण तो ओलांडताना आपल्या डब्यातील निम्मे प्रवासी झोपलेले असतात.

आता याच मार्गाकडे दुर्गांच्या दृष्टीने पाहू. पनवेल सोडले, की काही वेळातच अंगठ्यासारखा सुळका वर काढून उभा असलेला कर्नाळा दिसतो. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार होते आणि वासुदेव बळवंतांचा जन्म १८४५ साली पायथ्याजवळच्या शिरढोण येथे झाला. पुढे माणगाव येते. तेथे उतरले, की रायगडाची वाट. ६ जून १६७४ रोजी जेथे हिंदवी स्वराज्याला सिंहासन मिळाले, तो हा गड. त्यानंतरचे खेड स्थानक दापोलीमार्गे हर्णैला, म्हणजे सुवर्णदुर्गाला जोडलेले आहे. कणकवली आणि वैभववाडी येथून विजयदुर्ग गाठता येतो. कुडाळहून तीसेक किलोमीटरवर मालवण आणि मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. सह्याद्रीचे कडे, समुद्रातील बेटे आणि त्यांवरील दुर्ग अशी ही माळ एका रुळावर ओवलेली आहे. जगात अशा जागा फार थोड्या असतील.

पाहुण्यांची गाडी आणि घरच्यांची गाडी

ही माळ कोणाच्या ध्यानातच आली नाही, असे नव्हे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि भारतीय रेल्वे यांनी २००४ साली ‘डेक्कन ओडिसी’ ही आलिशान गाडी सुरू केली. राजस्थानातील १९८२ पासून धावणाऱ्या ‘पॅलेस ऑन व्हील्स’चा आदर्श तिच्यासमोर होता. सिंधुदुर्ग, गोवा, वेरूळ, अजिंठा, नाशिक अशी स्थळे तिच्या मार्गात गुंफली गेली. करोनाच्या काळात बंद पडलेली ही गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. शंभराहून कमी प्रवासी, आठवडाभराचा प्रवास आणि लाखांच्या घरातील भाडे, असे तिचे स्वरूप आहे.

या गाडीवर सरसकट टीका करणे योग्य नाही. परदेशी पाहुण्याने महाराष्ट्र पाहावा, त्याच्याकडून परकीय चलन यावे, इथल्या कारागिराला व कलावंताला त्यातून काम मिळावे, हे उद्दिष्ट रास्तच आहे. पाहुण्यांसाठी घरात एक खोली सजवून ठेवणे हा आपल्या आतिथ्याचा भाग आहे. मात्र ज्या घरात दिवाणखाना सजलेला असतो आणि घरची मुले ओट्यावर बसलेली असतात, त्या घराला सुस्थितीतील घर कोणी म्हणत नाही.

गणेशोत्सवाच्या आधी याच रुळावर काय चित्र दिसते? आरक्षण खुले होते आणि काही मिनिटांत प्रतीक्षायादी लागते. जादा गाड्या सोडल्या तरी डब्याच्या दारात, वाटेत, प्रसाधनगृहाच्या शेजारी माणसे बसून गावी जातात. हा मार्ग व्हावा म्हणून ज्यांनी आपल्या भातशेतीचे तुकडे दिले, त्यांची ही मुले-नातवंडे आहेत. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे येथे राहणाऱ्या हजारो कुटुंबांचे कोकणाशी, साताऱ्याशी, कोल्हापूरशी नाते आहे. ती वर्षातून दोनदा या दुर्गांच्या अंगावरून जातात. पण त्यांच्या पायथ्याशी उतरत नाहीत. गाव, सण, लग्नकार्य आटोपून परतीचे आरक्षण गाठायचे, एवढीच त्यांची धावपळ असते. श्रीमंत पाहुणा दुर्ग काचेतून पाहतो आणि गरीब चाकरमानी गर्दीतून पाहूच शकत नाही. दुर्ग मात्र दोघांच्याही मागे एकटाच राहतो.

तेथेही पडझड, येथेही पडझड

स्कॉटलंडचे उदाहरण आपण नीट अभ्यासले पाहिजे, कारण त्यांच्या आणि आपल्या दुर्गांची कहाणी एका विलक्षण धाग्याने जोडलेली आहे. स्काय बेटाकडे जाणाऱ्या वाटेवर ‘आयलन डोनन’ नावाचा किल्ला एका छोट्याशा बेटावर उभा आहे. तेथील डोंगरी जमातींनी लंडनच्या राजसत्तेविरुद्ध केलेल्या उठावात, १७१९ साली, ब्रिटिश नौदलाने तो उद्ध्वस्त केला. पुढे १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत या जमातींचा निर्णायक पराभव झाला. त्यांची शस्त्रे काढून घेण्यात आली, त्यांच्या पारंपरिक पोशाखावरही कायद्याने बंदी आली. ती बंदी १७८२ साली उठली.

त्याच ब्रिटिश सत्तेने १८१८ मध्ये आपले दुर्ग घेतले. त्या वर्षीच्या मे महिन्यात रायगडावर तोफांचा भडिमार झाला आणि गडावरील वाडे जळून खाक झाले. यानंतर सह्याद्रीतील अनेक गडांच्या वाटा, पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून फोडण्यात आले, जेणेकरून पुन्हा कोणी त्यांचा आश्रय घेऊन उठाव करू नये. मराठ्यांचा पहिला विस्तृत इंग्रजी इतिहास १८२६ साली लिहिणारा ग्रँट डफ हा स्वतः स्कॉटलंडचा होता, हा इतिहासाचा आणखी एक योगायोग.

पुढे मात्र दोन्ही समाजांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आयलन डोनन दोनशे वर्षे भग्नावस्थेत होता. १९१२ ते १९३२ अशी वीस वर्षे खपून तो पुन्हा बांधण्यात आला. १९३१ साली स्कॉटलंडमध्ये वारसा जपण्यासाठी एक राष्ट्रीय न्यास स्थापन झाला आणि सामान्य सभासदांच्या वर्गणीचा त्याला मोठा आधार मिळाला. आज तेथील डोंगरांतून ‘रॉयल स्कॉट्समन’ धावते हे खरे; पण त्याच रुळांवरून रोजची साधी गाडीही धावते. शाळेतील मुले, सुट्टीवर निघालेली कुटुंबे, पाठीवर पिशवी घेतलेले तरुण साधे तिकीट काढून मॅलेग बंदरापर्यंत जातात आणि तेथून बोटीने स्काय बेट गाठतात. रेल्वे कोठे संपते, बोट कोठून सुटते, किल्ल्याचे दार किती वाजता उघडते, हे सारे छापील वेळापत्रकात आधीच कळते. आलिशान गाडी हा तेथील व्यवस्थेचा कळस आहे. आपण पाया घालण्यापूर्वी कळस चढवला.

आपल्याकडेही जाणत्या माणसांनी ही जबाबदारी ओळखली होती, हे विसरता कामा नये. महात्मा जोतीराव फुले यांनी रायगडावर जाऊन शिवछत्रपतींच्या समाधीचा शोध घेतला. लोकमान्य टिळकांनी १८९५ मध्ये समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्याची चळवळ हाती घेतली आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवउत्सव झाला. त्या काळी रेल्वे नव्हती, रज्जुमार्ग नव्हता. सामान्य माणसाने एक-दोन आणे वर्गणी द्यावी आणि पायी गड चढावा, एवढीच अपेक्षा होती. त्या चढण्यातून स्वराज्याची भावना जागी झाली. आज रायगडावर १९९६ पासून रज्जुमार्ग आहे आणि सोयींना कोणी नाके मुरडू नयेत; ज्येष्ठांना त्याचा मोठा आधार आहे. तथापि गडावर पोहोचणे आणि गड समजणे यांतील अंतर कोणताही रज्जुमार्ग कापू शकत नाही.

तटावर उभे राहिल्यावर

दुर्ग का पाहायचे? छायाचित्रासाठी नक्कीच नव्हे. दुर्ग ही राज्यशास्त्राची उघडी पाठशाळा आहे. सिंधुदुर्गाचेच पाहा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि १६६७ मध्ये तो पूर्ण झाला. मुरुड-जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि मुंबई-राजापूरचे इंग्रज यांच्या मधोमध, खवळत्या समुद्रात, हिरोजी इंदुलकरांसारख्या स्थपतीच्या देखरेखीखाली हे काम तीन वर्षांत झाले. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. पाणी सापडले तेथेच दुर्ग, हा साधा व्यवहार आहे. आजही काही कुटुंबे गडावर राहतात आणि राजाराम महाराजांच्या काळात उभारलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरात पूजा होते. हे सारे पुस्तकात वाचता येते. पण मुलाने त्या विहिरीत डोकावून पाहिले, की आरमार म्हणजे काय, हे त्याला पुन्हा शिकवावे लागत नाही.

विजयदुर्गाचा धडा याहून कडू आहे, म्हणून अधिक मोलाचा. कान्होजी आंग्र्यांनी उभे केलेले मराठी आरमार पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना डोईजड झाले होते. पुढे तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांच्यात वितुष्ट आले. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला. वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाच्या खाडीतच जळाले. पुढच्याच वर्षी याच वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी बंगालमध्ये इंग्रजी सत्तेचा पाया घातला. आपापसातील वैरासाठी परक्याला घरात बोलावले, की शेवटी घर कोणाचे होते, हे विजयदुर्गाच्या तटावर उभे राहून खाडीकडे पाहिल्यावर जितके स्पष्ट दिसते, तितके कोणत्याही बौद्धिकातून सांगता येणार नाही. गाडीच्या खिडकीतून तर ती खाडी दिसतच नाही.

आणखी एक धडा अगदी अलीकडचा. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाच्या निमित्ताने मालवणच्या राजकोटावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला. पुढे २०२५ मध्ये तेथे नवा, अधिक भक्कम पुतळा उभा राहिला, ही समाधानाची गोष्ट. परंतु नऊ महिन्यांत कोसळलेला तो पुतळा आणि साडेतीनशे पावसाळे झेललेला सिंधुदुर्गाचा तट एकमेकांसमोर होते, हे दृश्य अंतर्मुख करणारे आहे. महाराजांवरील भक्ती घाईच्या कामातून सिद्ध होत नाही. त्यांच्या बांधकामातील काटेकोरपणा अंगी बाणवणे, हीच त्यांची खरी पूजा. दुर्गपर्यटनालाही हेच लागू पडते.

जागतिक वारशानंतर पुढे काय?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी हे ते बारा दुर्ग. प्रत्येक महाराष्ट्रीयाची मान ताठ व्हावी, असा तो क्षण होता. मात्र अशा दर्जाने आपोआप काही बदलत नाही, याचे उदाहरण नवी मुंबईच्या किनाऱ्यावरून दिसते. घारापुरीच्या लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला; त्या बेटावर वीज पोहोचली २०१८ मध्ये. जगभरातून पर्यटक येत होते आणि रात्री गावकरी अंधारात बसत होते. बारा दुर्गांच्या पायथ्याच्या गावांचे असे होऊ नये.

या दिशेने एक चांगले पाऊल पडले आहे. ९ जून २०२५ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून ‘भारत गौरव’ योजनेतील खास गाडी निघाली. सहा दिवसांच्या या यात्रेत रायगड, पुण्याचा लाल महाल, कसबा गणपती, शिवसृष्टी, शिवनेरी, भीमाशंकर, प्रतापगड, कोल्हापूर आणि पन्हाळा यांचा समावेश होता. शयनयान वर्गाचे भाडे सुमारे तेरा हजार रुपये होते. लाखांच्या तुलनेत हे सामान्यांच्या आवाक्यातील आहे. परंतु या मार्गात एकही जलदुर्ग नाही. स्वराज्याच्या आरमाराची कथा गाळून शिवचरित्र कसे पूर्ण होणार? सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या नौदलाने शिवमुद्रेवरून प्रेरणा घेतलेला अष्टकोन आपल्या ध्वजावर धारण केला. ज्यांच्याकडून ती प्रेरणा घेतली, त्यांचे जलदुर्ग मात्र सामान्य प्रवाशाच्या वेळापत्रकाबाहेरच आहेत.

जलदुर्गांसाठी स्वतंत्र गाडी सुरू करा, अशी मागणी करणे सोपे आहे. पण व्यवहारही पाहिला पाहिजे. कोकण रेल्वेचा बहुतांश मार्ग आजही एकेरी आहे आणि त्यावर गाड्यांची आधीच दाटी आहे. पावसाळ्यात वेग कमी करावा लागतो, त्यासाठी वेगळे वेळापत्रक असते. सिंधुदुर्गाची होडीही पावसाळ्यात बंद असते. म्हणून नव्या गाडीची वाट पाहत बसण्यापेक्षा आहे त्या गाडीतून आरंभ करावा.

रेल्वेच्या पूर्ण भाड्याच्या योजनेत संपूर्ण डबा आरक्षित करता येतो. जुन्या पद्धतीच्या शयनयान डब्यात ७२ जागा असतात. एका मध्यम सोसायटीतील पंधरा-वीस कुटुंबे एकत्र आली, की डबा भरतो. शुक्रवारी रात्री पनवेलहून निघालेली कुटुंबे शनिवारी सकाळी कुडाळला उतरतील. एसटीची बस ठरवून मालवण, दुपारी होडीने सिंधुदुर्ग, रात्री स्थानिकांच्या घरगुती निवासात मुक्काम. रविवारी देवगडमार्गे विजयदुर्ग आणि रात्री कणकवलीहून परतीची गाडी. सोमवारी पहाटे पनवेल. यात पंचतारांकित काहीही नाही. सोलकढी असेल, घावणे असतील, होडीवाल्याच्या तोंडून ऐकलेल्या समुद्राच्या गोष्टी असतील. हा सर्व पैसा मालवणच्या गाबितांच्या, देवगडच्या बागायतदारांच्या, गावातल्या घरोघरच्या भगिनींच्या हाती जाईल. शिक्षण झाले की मुंबईची गाडी पकडणाऱ्या कोकणच्या तरुणाला गावातच राहण्याचे एक कारण मिळेल.

शासनानेही आपली बाजू सांभाळावी. दुर्गाजवळच्या प्रत्येक स्थानकावर दुर्गाची माहिती, अंतर आणि एसटीची वेळ मराठीत ठळक लावणे याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. गाडी पोहोचते त्या वेळेला जोडून बस सुटावी, एवढे परिवहन महामंडळ आणि रेल्वे यांनी एकत्र बसून ठरवले तरी निम्मे काम होईल. या बारा दुर्गांपैकी आठ केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आणि चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. दोन्हींनी मिळून स्थानिक तरुणांना प्रशिक्षित मार्गदर्शक म्हणून प्रमाणपत्र द्यावे. आज अनेक ठिकाणी जो कोणी पुढे येईल तो मार्गदर्शक होतो आणि इतिहासाच्या नावाखाली वाटेल ते सांगतो. दंतकथा रंजक असते. पण ज्या राजाने हिशेबाच्या कागदांपासून गवताच्या गंजीपर्यंत शिस्त लावली, त्याचा इतिहास दंतकथेवर सोपवणे शोभत नाही.

कोणी म्हणेल, गर्दी वाढली तर दुर्गांची आणखी नासधूस होईल. तटांवर नावे कोरली जातील, प्लॅस्टिकचे ढीग साचतील. ही भीती निराधार नाही. तथापि नासधूस करतो तो अनोळखी माणूस. ज्याने त्या तटाची कथा ऐकली, ज्याने एक सकाळ तेथील झुडपे काढण्यात घालवली, तो तटावर नाव कोरत नाही. महाराष्ट्रातील अनेक दुर्गप्रेमी मंडळे गेली कित्येक वर्षे रविवार खर्ची घालून गडांवरील टाकी उपसत आहेत, पायवाटा मोकळ्या करत आहेत. संरक्षित वास्तूच्या दगडाला विभागाच्या परवानगीविना हात लावायचा नाही, हे पथ्य पाळून सहलीचा एक तास अशा सेवेला द्यावा. सहल आणि संस्कार हे वेगळे विषय राहणार नाहीत.

आरंभ घरापासून

हे सारे करण्यासाठी मालवणपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि खाडीकाठच्या गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. त्या गावांपैकी बेलापूरला एक किल्ला होता. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि १८१७ मध्ये इंग्रज, असे त्याचे धनी बदलत गेले. पनवेलच्या खाडीच्या मुखावर नजर ठेवणारा हा किल्ला चिमाजी आप्पांच्या काळात मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला. आज त्याचे थोडेसे अवशेष झाडीत उरले आहेत. महापालिकेच्या भव्य मुख्यालयाजवळच्या चौकाला लोक अजूनही किल्ल्याच्या नावाने ओळखतात. रोज हजारो गाड्या त्या चौकातून जातात. किल्ला कोठे आहे, असे विचारले तर क्वचितच कोणी बोट दाखवू शकेल. संवर्धनाच्या योजनांच्या घोषणा झाल्या. पण शहराने मागणी लावून धरल्याशिवाय घोषणांची कामे होत नाहीत.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. उद्या जगभरचे पाहुणे थेट आपल्या दारात उतरतील आणि दुर्ग कोठे आहेत, असे विचारतील. त्यांच्यासाठी आलिशान गाडी असावी, तिचे स्वागतच आहे. परंतु त्यांना वाट दाखवणारा यजमान आपल्या घराची ओळख असलेला हवा. ती ओळख जाहिरातीतून होत नाही. ती पायांनी होते.

येत्या सुट्टीचा बेत ठरवताना प्रत्येक कुटुंबाने निदान एक शनिवार-रविवार जलदुर्गांसाठी राखून ठेवावा. सोसायटीच्या फलकावर सूचना लावावी, शाखेत, मंडळात, महिला मंडळात विषय काढावा, बहात्तर नावे गोळा करावीत. प्रवास दिवाळीनंतरचा ठेवावा, म्हणजे समुद्र शांत असतो आणि होड्या सुरू झालेल्या असतात. आरक्षणासाठी बराच आधी अर्ज करावा लागतो, तेव्हा नावे आतापासूनच गोळा करावीत.